त्रेपन्नावी खूण

माझ्या धाकट्या आत्याला घरी सगळे बेबी म्हणत. आजोबांचं ती शेंडेफळ. लहानपणी चिकटलेलं नाव चाळिशी आली तरी सुटलं नव्हतं. मी तिला बेबीआत्या म्हणायचे. शाळेत मात्र बाई म्हणायचं, हे मला चौथीच्या पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेरच दोनदा बजावून सांगण्यात आलं, कारण त्या वर्षी मी तिच्याच वर्गात होते.

ती आमच्याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं. कुणी त्यावरून छेडलं की म्हणायची, "मला आधीच बत्तीस मुलं आहेत, आणखी कुठे ठेवू?" हसून म्हणायची, पण ते खरंही होतं. कुणाचा दात पडायला आलाय, कुणाच्या घरी भाऊ झालाय, कोण सातच्या पाढ्यात नेमका कुठे अडखळतो, सगळं तिला तोंडपाठ असायचं. फळ्यावरचं तिचं अक्षर असं की पुसायला जिवावर यावं.

त्या वर्षी, शाळा सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच, बत्तिसांची त्रेपन्न झाली.

शेजारच्या ब तुकडीला एक सर होते. उंच, सावकाश बोलणारे. एके दिवशी शुद्धलेखन घालता घालता ते वाक्याच्या मधेच थांबले. पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, खडूचा हात रुमालाला पुसला आणि वर्गाबाहेर पडले. पुढचा शब्द येईल म्हणून मुलं पेन्सिल कागदाला टेकवून बसून राहिली. सर फाटकातून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. राजीनामासुद्धा त्यांच्या बायकोने आणून दिला. पुढे शाळेत जाता-येता ते आम्हाला दिसायचे: पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्चीवर बसलेले, दोन्ही हात मांडीवर, नजर रस्त्यावर. आम्ही खालून "नमस्कार सर" म्हणायचो. ते बघायचे, पण ओळख काही त्यांच्या चेहऱ्यावर उमटायची नाही.

"सरांना काय झालंय गं?" मी एकदा आत्याला विचारलं.

"दमलेत," ती म्हणाली. त्या घराखालून जाताना ती नेहमीच भराभर चालायची.

नवीन शिक्षक मिळेपर्यंत म्हणून ब तुकडीची एकवीस मुलं आमच्या वर्गात आणून बसवली. नवीन शिक्षक काही मिळाला नाही. एकेका बाकावर तिघं कोंबली, उरलेली खिडकीखाली सतरंजीवर. हजेरीपटात त्यांची नावं आमच्या खाली लिहिली गेली. सगळ्यात खाली एक बारकीशी मुलगी होती, त्रेपन्नावी. तिला सगळे 'शेवटची' म्हणायला लागले. तिने कधी तक्रार केली नाही. तिला दम्याचा त्रास होता. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात निळा पंप असायचा. बोलायची इतकं हळू की ऐकायला वाकावं लागे, आणि वाकायला आत्याला आता फुरसत नव्हती.

घरात पहिल्यांदा काय लक्षात आलं असेल, तर नळ. आत्या सकाळी भांडं नळाखाली धरून उभी होती. भांडं भरून वाहत होतं, पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं, आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. आईने हात घालून नळ बंद केला तेव्हा अशी दचकली, जणू तिला कुणी झोपेतून उठवलं.

मग एक दिवस जेवताना ती मला म्हणाली, "एकोणतीस, जरा सरक."

एकोणतीस हा माझा हजेरीचा नंबर. बाबा खो खो हसले. "अगं बेबी, सख्ख्या भाचीचं नाव विसरलीस की काय?"

आत्याही हसली. पण तिचं हसू एक क्षण उशिरा आलं, आणि तेवढ्या क्षणात मला दिसलं की ती खरोखरच नाव शोधत होती.

ती पहाटे पाचला उठून वह्या तपासायची. त्रेपन्न भाषेच्या, त्रेपन्न गणिताच्या. जेवणाच्या टेबलावर दोन ढीग असायचे. मी उठायचे तेव्हा डावीकडचा ढीग उजवीकडे गेलेला असायचा आणि ती लाल पेन हातात धरून बसलेली असायची. एकदा मी माझ्या वहीत मुद्दाम दोन पानं कोरी सोडली. का सोडली, ते आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला खात्री करून घ्यायची होती. वही परत आली. दोन्ही कोऱ्या पानांवर लाल बरोबरची खूण होती आणि दुसऱ्या पानाखाली लिहिलं होतं, 'छान'.

मी ती वही दप्तराच्या तळाशी दडवली. कुणालाही सांगितलं नाही.

वर्गात तिला दोन वाक्यं सलग बोलता येत नसत. बाई, पाणी पिऊ का? बाई, टोक मोडलं. बाई, हा कोपर मारतोय. बाई, मागचं पान लिहायचं का पुढचं? बाई, ही रडतेय. तेवढ्यात शिपाईकाका परिपत्रक घेऊन दारात उभे, वाचून सही करा. ते गेले की माहिती भरायचे तक्ते: किती मुलांकडे चपला आहेत, किती जणांचे डोळे तपासले, कालच्याच तक्त्यातली माहिती आज वेगळ्या रंगाच्या कागदावर. ती सगळ्यांना उत्तर द्यायची. कुणावर ओरडायची नाही. आधी ती आमच्यावर रागवायची, आणि तो राग आम्हाला कळायचा. आता तिने रागावणंच सोडून दिलं होतं. वादळाआधी वारा पडतो ना, तसं काहीतरी वाटायचं.

हजेरी घेताना तर ती मान वरच करत नसे. नाव वाचायची आणि 'हजर' यायच्या आत पेन पुढच्या नावावर. हे मुलांच्या लक्षात यायला आठवडासुद्धा लागला नाही. मागच्या बाकावरचा एक जण तिघांची हजेरी तीन आवाजांत द्यायचा आणि अख्खा बाक तोंड दाबून हसायचा. मला हसू यायचं नाही. पण मी सांगितलंही नाही. वर्गात सगळे मला 'बाईंची' म्हणून ओळखायचे; एकदा चहाडी केली असती तर वर्षभर कुणी डबा खायला जवळ बसवलं नसतं.

मग तो दिवस आला.

दोन दिवसांवर तपासणी होती. वरचे अधिकारी येणार म्हणून शाळेत धावपळ उडाली होती. मधल्या सुट्टीनंतर आम्हाला वाचायला दिलेली पुस्तकं परत जागेवर ठेवायची होती. पुस्तकांची खोली व्हरांड्याच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून. वर छताजवळ एक झरोका, तोही जाळीचा. आम्ही रांगेने आत गेलो, पुस्तकं कपाटात कोंबली आणि बाहेर आलो. आत्या दाराशी उभी राहून हातातल्या पुठ्ठ्यावर तपासणीचा तक्ता भरत होती.

"सगळे आले का?" तिने वर न बघता विचारलं.

"होऽऽ!"

शिपाईकाकांनी कडी लावली, कुलूप घातलं.

वर्गात आल्यावर तिने दुपारची हजेरी घ्यायला सुरुवात केली. मी पहिल्या बाकावर, तिच्या टेबलाला लागून बसायचे. तिने चाळीसपर्यंत नावं वाचली. तेवढ्यात दारात परिपत्रक. तिने ते वाचलं, सही केली, परत येऊन बसली, घड्याळाकडे बघितलं आणि उरलेल्या नावांसमोर खुणा करत खाली गेली. शिलाईचे टाके घालावेत तशा, एकसारख्या. त्रेपन्नाव्या नावासमोरही खूण झाली. ते नाव तिने उच्चारलंच नव्हतं.

शाळा सुटली. पोरं दप्तरं उचलून पळाली. सतरंजीवर एक दप्तर तसंच राहिलं. बाहेरच्या कप्प्यातून निळा पंप डोकावत होता.

"बाई," मी म्हणाले.

"थांब."

"बाई, तिचं दप्तर..."

"सांगितलं ना, थांब. मला मीटिंग आहे. जे काय असेल ते घरी सांग."

ती कागदांचा गठ्ठा छातीशी धरून निघून गेली. काकांनी वर्गाला कुलूप लावलं. मी शेजारच्या मुलींबरोबर घरी आले. वाटेत मी स्वतःला समजावत होते: विसरली असेल दप्तर. विसरतात की मुलं. पण दप्तर विसरून घरी गेलेली मुलगी मी आजवर पाहिली नव्हती.

आत्या साडेपाचला आली. चप्पलसुद्धा न काढता पलंगावर आडवी झाली. मी दारात उभी राहिले.

"आत्या."

"पाच मिनिटं," तिने डोळे न उघडता सांगितलं. "फक्त पाच मिनिटं मला कुणी काही विचारू नका."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिचा श्वास जड झाला. तिला उठवायचा धीर मला होईना. घड्याळाची टिकटिक कधी नव्हे इतकी मोठ्याने ऐकू येत होती, आणि सहा वाजून गेल्यावर दारावर थाप पडली.

दारात त्या 'शेवटची'ची आई. लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची, थेट तिथूनच आली होती. बाह्या अजून दुमडलेल्या होत्या.

"बाई, आमची पोर अजून आली नाही. कुठे थांबवून घेतलंय का तिला?"

आत्या उठून दारात आली होती. मी म्हणाले, "तिचं दप्तर वर्गातच आहे. पुस्तकांच्या खोलीतून ती बाहेर आलीच नाही." हे मला इतका वेळ माहीत होतं, हे ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हाच मला कळलं.

आत्याचा चेहरा मी विसरणार नाही. ती तशीच धावत सुटली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मागून ती बाई, तिच्या मागून मी. शिपाईकाका शाळेच्या मागच्या खोलीत राहायचे. त्यांना किल्ल्यांचा जुडगा सापडेपर्यंत उजेड उतरला होता. व्हरांड्यात आमच्या पावलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. आत्या हाका मारत होती, आणि त्या दारामागून काहीसुद्धा उत्तर येत नव्हतं.

कुलूप निघालं. आतून जुन्या कागदाचा कोंदट वास आला. झरोक्याखाली खोकं उलटं करून त्यावर ती उभी होती, मान वर ताणलेली, तोंड उघडं, दोन्ही हातांनी कपाटाची कड धरलेली. ओठांचा रंग पाण्यात शाई सांडल्यासारखा. श्वास आत जाताना जुन्या बिजागरीसारखा कुरकुरत होता.

"पंप!" तिची आई किंचाळली. "हिचा पंप कुठाय?"

मी काकांच्या हातातला जुडगा ओढून वर्गाकडे पळाले. तिसरी किल्ली लागली. दप्तर घेऊन परत आले तेव्हा ती आईच्या मांडीवर होती. एक फवारा, दोन, चार. मग काकांनी तिला खांद्यावर टाकलं आणि आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो.

तासाभराने तिचा श्वास सरळ झाला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं. आत्या खाटेजवळ गुडघ्यांवर बसली आणि बोलणं ऐकायला वाकली. किती महिन्यांनी वाकली असेल.

"तू हाक का नाही मारलीस, बाळा?"

"मारली," ती म्हणाली. "पण आवाजच येईना. धाप लागली म्हणून मी कपाटामागे बसले होते, तेवढ्यात दार लागलं. वर्गातलं मला झरोक्यातून ऐकू येत होतं. तुम्ही हजेरी घेत होतात." तिने एक श्वास घेतला. "मी कपाटावर जाड पुस्तक आपटणार होते, माझं नाव आलं की. मी वाट बघत होते. नाव आलंच नाही."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते आत्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, यांनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं आणि हजेरीपट उघडला. "हे बघा, दुपारी हजर. खूण आहे. म्हणजे मुलगी वर्गात होती. सुटल्यावर आपणहून परत गेली असणार. लहान मुलं, काय सांगावं! उद्या तपासणी आहे. आपण एवढंच बोलायचं."

काकांनी कुलूप दुपारीच लावलं होतं, म्हणजे ही गोष्ट टिकवायची तर त्यांनी खोली उघडी टाकली असं म्हणावं लागणार आणि खापर त्यांच्यावर फुटणार, हे आत्याला कळायला वेळ लागला नाही. ती तिथून उठली ती सरळ लॉन्ड्रीत गेली. वाफेने भरलेल्या त्या खोलीत उभं राहून तिने त्या बाईला सगळं सांगितलं: मी बघितलं नाही, मी नाव वाचलं नाही, मी नुसती खूण केली. मी फार दमले होते.

त्या बाईने इस्त्री उचलून उभी ठेवली. "मीपण दमते, बाई," ती म्हणाली. "पण तापलेली इस्त्री कुणाच्या कपड्यावर ठेवून मी कधी विसरले नाही."

आत्या घरी आली आणि रजेचा अर्ज पाठवून दिला.

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांची मला अजून भीती वाटते. ती खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. हात मांडीवर. रस्त्याकडे बघायची. जेवायला बोलावलं की जेवायची, नाही बोलावलं तर नाही. शाळेतून येताना मला आधी गॅलरीतले सर दिसायचे आणि मग आमच्या खिडकीतली आत्या, आणि दोघांच्या मानेचा कल अगदी एकसारखा असायचा. मी शेवटची दहा पावलं डोळे मिटून चालायचे.

"नोकरी सोडून दे म्हणावं," बाबा स्वयंपाकघरात कुजबुजले.

"सोडून काय करेल?" आई म्हणाली. "आत्ता करतेय तेच."

नवव्या दिवशी आत्या उठली, केस विंचरले आणि मला म्हणाली, "चल. सरांकडे जाऊ."

सरांच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि ती आत निघून गेली. सर खुर्चीतून हलले नाहीत. आत्याने सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता. ते ऐकतायत की नाही, कळत नव्हतं. मग म्हणाले, "मला वाटायचं, प्रत्येक पेन्सिल मीच उचलली पाहिजे. नाही उचलली तर वर्ग कोसळेल."

"मग?"

"मी निघून आलो, तरी वर्ग आहेच ना अजून." त्यांना हसायचं असावं. "जायच्या आदल्या आठवड्यात मी मोजलं होतं. दिवसभरात किती वेळा मला कुणीतरी काहीतरी करायला लावतं ते. शंभरानंतर मोजणं सोडलं. सोडायला नको होतं. तुम्ही मोजा. पुरतं मोजा. मग त्यातलं तुमच्यावाचून खरंच काय अडतं ते बघा."

"सर, तुम्ही परत याल?"

खालच्या रस्त्याने सायकल गेली. तिची घंटी वाजली, आणि सरांच्या हातातला कप बशीवर थडथडायला लागला. आत्याने पुढे होऊन तो अलगद काढून घेतला. प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

ती कामावर रुजू झाली त्या दिवशी तिने मला शेवटच्या बाकावर बसवलं. "तुला आज अभ्यास नाही. मला कुणीही काहीही विचारलं, मागितलं, सांगितलं, की एक रेघ मार. आणि बाजूला काय ते लिही." शाळा सुटेपर्यंत दोनशे अकरा रेघा झाल्या. माझी बोटं दुखायला लागली.

संध्याकाळी आईने तो कागद टेबलावर पसरला आणि वाचत गेली. "पाणी पिऊ का, एकतीस वेळा? तहान त्याची, परवानगी तुझी? पेन्सिलीला टोक करून द्या, सतरा. खिडकी लावा, खिडकी उघडा... अगं बेबी, हे काय आहे? एक ना धड, भाराभर चिंध्या!"

आत्या कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसता हसता रडायला लागली. आईने तिला रडू दिलं. मग दोघी पेन्सिल घेऊन बसल्या. जे मुलं स्वतः करू शकतात, ते एका बाजूला. जे दिवसातून एकदाच करून भागेल, ते दुसऱ्या. जे करायची गरजच नाही, ते खोडून टाकलं. दोनशे अकरांतलं जेमतेम चाळीस उरलं, जे बाईंनीच करायला हवं होतं.

वर्गाच्या पाच ओळी केल्या. प्रत्येक ओळीला आठवड्यापुरता एक प्रमुख. तो आपली ओळ मोजणार आणि कोण नाही ते नावानिशी सांगणार. मग आत्या ओळीओळीतून फिरून प्रत्येकाच्या तोंडाकडे एकदा बघणार, आणि त्यानंतरच खूण. पाण्याला विचारायचं नाही. बाहेर जायचं तर दाराजवळचा लाकडी बिल्ला गळ्यात घालायचा, बिल्ला जागेवर नसेल तर थांबायचं. टोक केलेल्या पेन्सिलींचा डबा खिडकीत. ऑफिसचे कागद दारातल्या पेटीत. ती पेटी दिवसातून एकदा, मधल्या सुट्टीनंतर उघडायची. रोज एकाच ओळीच्या वह्या, अकरा फार तर. त्या मात्र अक्षरन् अक्षर वाचायच्या. बाकीच्यांनी फळ्यावरची उत्तरं बघून जोडीने तपासायच्या.

ऐकायला सोपं वाटतं. पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ होता. एका ओळीचा प्रमुख स्वतःला फौजदार समजायला लागला. बिल्ला मोरीत पडला. वह्या तपासताना मारामाऱ्या झाल्या. शिपाईकाका पेटीसमोर गोंधळून उभे राहायचे: "बाई, पण सही आत्ताच पाहिजे म्हणतात." आत्याचा हात पेनाकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची. मला वाटायचं, आज ती पुन्हा पेन उचलणार, आणि आज उचललं की संपलं.

याच गोंधळात एका सकाळी इस्त्रीवाल्या बाई लेकीला घेऊन आल्या. दाराशी उभं राहून त्यांनी अख्खी हजेरी बघितली. मग निळा पंप आत्याच्या हातात दिला. "हा टेबलाच्या खणात. आणि सुटताना हिचा हात तुम्ही स्वतः माझ्या हातात द्यायचा. दुसऱ्या कुणाच्या नाही." आत्या हो म्हणाली. वर्षअखेरपर्यंत एक दिवस चुकला नाही. त्या बाई मात्र तिच्याशी एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. काही गोष्टींना माफी नसते, नुसती रोजची हजेरी असते, असं आत्या पुढे एकदा म्हणाली.

हळूहळू गाडी रुळावर आली. आत्या पहाटे पाचऐवजी सहाला उठायला लागली. मला नावाने हाक मारायला लागली. वर्गात एक वेळ अशी यायची की त्रेपन्न डोकी खाली वाकून लिहितायत, कुणी 'बाई' म्हणत नाहीये, आणि ती सतरंजीवर कुणाच्या तरी शेजारी मांडी घालून बसलीये. एकदा तिने माझ्या वहीवर लिहिलं, 'तिसरं गणित आळसाने चुकलंय, समजलं नाही म्हणून नाही.' मला इतका आनंद झाला की मी ते आईला नेऊन दाखवलं.

पण अशा गोष्टी लपत नाहीत. मोठ्या बाईंनी तिला पाचच्या ठोक्याला घरी जाताना बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. मग बोलावणं आलं.

"तुमच्या वर्गाला छान शिस्त लागलीये," त्या म्हणाल्या. "मुलंच सगळं करतात म्हणे. तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात. त्यांची चाळीस मुलं तुमच्याकडे बसवू. हॉल उघडून देते. तुम्हाला जमेल."

आत्या सांगायची, की त्या क्षणी पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटली. कारण तिच्या तोंडातून सवयीने 'हो' निघालंच होतं. ओठांपर्यंत आलं होतं.

"बसतील ती," ती म्हणाली. "पण मला दिसणार नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. मी घेणार नाही."

"नाही म्हणायचे परिणाम माहीत आहेत ना?"

"हो म्हणायचे परिणाम मी बघितलेत."

तिने तेच कागदावर लिहून दिलं आणि ऑफिसात पोच मागितली. शाळेत पोच मागणारी ती पहिलीच असावी. तीन आठवडे तिसरीचा वर्ग शिपाईकाकांनी, फळ्यावर दंगेखोरांच्या नावापुढे रेघा मारत, सांभाळला. मग कुठून तरी बदली शिक्षक मिळाला. मिळतच नव्हता तो मिळाला. स्टाफरूममध्ये आत्याशी बोलणं बहुतेकांनी बंद केलं. एका तरुण बाईंनी तेवढं, कुणी बघत नाही असं बघून, तिला विचारलं, "पेटी कुठे मिळते तुमच्यासारखी?"

वर्ष संपलं, मी पाचवीत गेले, आणि सुट्टीतच आत्याच्या बदलीचं पत्र आलं. गावाच्या दुसऱ्या टोकाची शाळा, दोन बस बदलून जायचं. कारण लिहिलं होतं, 'प्रशासकीय'.

पहिल्या दिवशी ती सात वाजता परत आली. हातपाय धुतले, जेवायला बसली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो, आणि आम्ही बघतोय हे कळू नये म्हणून ताटात बघत होतो.

"किती आहेत?" शेवटी आईने विचारलं.

"चौसष्ट. खोलीला खिडकी एकच. टेबल नाही, कपाट नाही. आधीच्या बाई दिवाळखोर माणसासारख्या सगळं टाकून गेल्यात. खणात न तपासलेले पेपर सापडले, मागच्या वर्षीचे."

"मग कसं होणार गं, बेबी?" बाबांनी विचारलं.

तिने पाण्याचा घोट घेतला. 

"पहिला महिना वाईट जाणार," ती म्हणाली. "आज बारा नावं पाठ झाली. उद्या आणखी बारा करेन." मग तिने भाजीचं भांडं पुढे ओढलं आणि परत वाढून घेतलं.